वायपर पावसात नव्हे, उन्हात मरतो



टायरमधल्या हवेवरचा मागचा लेख वाचून बरीच पत्रे आली. त्यातले महाडच्या एका भगिनींचे पत्र मी बाजूला काढून ठेवले होते, कारण त्याचे उत्तर मे महिन्यातच द्यायला हवे. जूनमध्ये दिले तर उशीर होतो. त्यांच्याकडे 15-16 वर्षांची गाडी आहे. पती आखातात नोकरीला. मुलांची शाळा, सासऱ्यांचा दवाखाना, बाजार, लग्नकार्य सगळे त्याच गाडीवर, आणि गाडी चालवतात त्या स्वतः. गेल्या पावसाळ्यात त्यांनी दोन वेळा वायपर बदलले. तरी रात्री समोरून गाडी आली की काचेवर नुसता पांढरा पडदा. दुकानदार म्हणाला, "गाडी जुनी झाली भाभी, आता काचच बदला." काच बदलायचा खर्च ऐकून त्यांनी पत्र लिहिले.

बहेन, काच बदलू नका. निदान हा लेख वाचून होईपर्यंत तरी नको.

उत्तर देण्याआधी एक कबुली देतो. मी 34 वर्षे गॅरेजमध्ये काढली, लोकांच्या गाड्यांचे कान उपटले, आणि दोन वर्षांपूर्वी माझ्याच गाडीने मला परशुराम घाटात तोंडघशी पाडले. मुलांच्या अम्मीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन चिपळूणला झाले होते. संध्याकाळी घरी सोडले. मुलगा बाहेरगावी, म्हणून गाडी सून चालवत होती. मी तिच्या शेजारी, आणि अम्मी मागे डोळ्यावर पट्टी बांधून. चिपळूण सोडेपर्यंत मगरिब होऊन गेली होती. घाट चढायला लागलो आणि पाऊस धरला. जूनचा दुसरा आठवडा, मोसमातला पहिला खरा पाऊस. सुनेने वायपर लावला, तर तिच्या डोळ्यांच्या बरोबर समोर हातभर रुंद पट्टा तसाच ओला राहायला लागला. वर-खाली पुसले जायचे, मधला भाग नाही. समोरून ट्रक आला की त्या पट्ट्यात हेडलाइट फुटून सगळी काच पेटल्यासारखी व्हायची.

"अब्बा, मला काही दिसत नाही," ती म्हणाली. मी म्हटले, "हळू चल बेटा, येईल कमी पाऊस." हे वाक्य बोललो त्याची मला अजून शरम वाटते. पुढच्या वळणावर रस्त्याच्या कडेने काळी छत्री घेऊन एक माणूस चालला होता. तो आम्हाला दिसला तेव्हा आमच्या डाव्या आरशापासून हाताच्या अंतरावर होता. सुनेने गाडी उजवीकडे घेतली. समोरून कोणी येत नव्हते, अल्हम्दुलिल्लाह. त्या माणसाला काय झाले ते कळलेही नसेल. घाट चढून एका टपरीपाशी गाडी थांबवली तेव्हा सुनेचे हात स्टिअरिंगवर थरथरत होते. मागून अम्मी म्हणाली, "माझ्या डोळ्याचा पडदा डॉक्टरांनी काढला. या गाडीचा कोण काढणार?"

मी काही बोललो नाही. कारण त्या गाडीचा वायपर मी मागच्या सप्टेंबरनंतर एकदाही उचलून पाहिला नव्हता.

आपल्याकडे इथेच गफलत होते. वायपर ही पावसाची वस्तू आहे असे आपण समजतो, म्हणून पाऊस आल्यावर तिची आठवण होते. पण त्याचे रबर पावसात फारसे झिजत नाही. पाणी त्याला वंगणासारखे असते. रबर मरते ते ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत, जेव्हा वायपर एकाच जागी तापलेल्या काचेला चिकटून पडलेला असतो. वरून ऊन, खालून भाजणारी काच. रबराचा लवचीकपणा जातो, ते कडक होते, कडेला बारीक चिरा पडतात, आणि ज्या बाजूला कलून पडलेले असते त्याच बाजूला कायमचे वाकून बसते. आखातातल्या लोकांच्या गाड्यांचे तर विचारू नका. गाडी आठ-आठ महिने अंगणात उभी, म्हणजे गाडी "कमी वापरलेली" आणि वायपर पूर्ण वापरलेला.

वाकून बसलेले रबर का चालत नाही, हे समजून घेतले की बाकीचे आपोआप समजते. वायपरची खरी धार म्हणजे रबराच्या खालची पातळ कड. ब्लेड डावीकडे जाते तेव्हा ती कड उजवीकडे कलते आणि मागे ओढली जाते. ब्लेड परत फिरले की कड पलटी खाते आणि दुसऱ्या बाजूला कलते. दर फेरीला अशी पलटी. म्हणून काच दोन्ही वेळा पुसली जाते. कड एका बाजूला अकडली की एका दिशेला ती नीट ओढली जाते आणि दुसऱ्या दिशेला उभीच्या उभी ढकलली जाते. मग ती काचेवर उड्या मारते. तो जो "टर्रर्र टर्रर्र" आवाज येतो ना, तो बहुतेक वेळा या उड्यांचा असतो.

आता काचेवर काय दिसते त्यावरून दुखणे ओळखू या. नाडी पाहिल्याशिवाय औषध देऊ नये, आणि महाडच्या प्रकरणात नेमके तेच झाले आहे.

एक बारीक, रेघेसारखी पाण्याची ओळ राहत असेल, तर रबराच्या कडेला त्या जागी खाच पडली आहे किंवा काहीतरी अडकले आहे: झाडाचा चीक, वाळूचा कण, पक्ष्याची घाण. ओल्या फडक्याने कड पुसून पाहा. रेघ गेली तर पैसे वाचले. नाही गेली तर रबर संपले.

रुंद पट्टा राहत असेल, जसा आमचा राहिला, तर त्या भागात ब्लेड काचेवर दाबलेच जात नाही. ब्लेडच्या लोखंडी सांगाड्याला कमानी असतात, त्या दांड्याचा दाब रबराच्या सगळ्या लांबीवर वाटून देतात. कमानीचे सांधे गंजले किंवा एखादी वाकली की मधला भाग हवेत राहतो. जुन्या गाडीत दांड्याच्या बुडाशी असलेली स्प्रिंगही सैल होते. काच धुणारी मुले दांडा धरून खेचतात, त्याने तो पिळतो. बॉनेटजवळ उभे राहून ब्लेड काचेवर कसे टेकले आहे ते बाजूने पाहा. रबर काचेला काटकोनात टेकायला हवे. एका बाजूला झुकलेले दिसले तर दांडा पिळलेला आहे, आणि अशा दांड्यावर कितीही महाग ब्लेड लावा, ते टर्रटर्रणारच. मेकॅनिक दोन पान्यांनी दांडा हलकेच सरळ करून देतो. पाच मिनिटांचे काम आहे, पण हाताला अंदाज नसेल तर स्वतः करू नका.

तिसरा प्रकार म्हणजे पडदा. ब्लेड फिरल्यावर दुधाळ, चिकट असा थर राहतो, दिवसा फार जाणवत नाही आणि रात्री समोरचा उजेड पडला की काहीच दिसत नाही. पत्रात हेच लिहिले आहे. यात वायपरचा दोष क्वचितच असतो. दोष काचेवरच्या तेलाचा असतो. पुढच्या डिझेल गाड्यांचा धूर, रस्त्यावरचे ऑइल, गाडी धुताना लावलेले पॉलिश, टायर चमकवणारे सिलिकॉनचे द्रव असे सगळे थोडे थोडे काचेवर बसते. पाऊस नसताना ते कोरडे असते म्हणून डोळ्याला दिसत नाही. पाणी पडले की वायपर ते सगळीकडे सारखे पसरवतो, जसे तव्यावर तेल पसरवावे. नवे ब्लेड लावले तर नवे ब्लेड पसरवते. दोनदा बदला की दहादा.

तपासणी सोपी आहे. थंड काचेवर तांब्याभर पाणी सोडा. पाणी सलग चादरीसारखे खाली आले तर काच स्वच्छ आहे. ते तुटून थेंब-थेंब झाले, मध्ये मध्ये कोरडी बेटे राहिली, तर काचेवर तेलकट थर आहे. (काचेवर पाणी न ठरण्याचे औषध मुद्दाम लावले असेल तर थेंब होणारच, ती गोष्ट वेगळी. तसले औषध घाईघाईने, एकसारखे न लावल्याने वायपर टर्रटर्रतात, हेही पाहिले आहे.)

हा थर नुसत्या पाण्याने आणि फडक्याने जात नाही. सावलीत गाडी लावा. भांडी घासायचा पातळ साबण मऊ स्पंजवर घ्या आणि काच हाताला जोर लावून, लहान लहान गोल फिरवत घासा. वायपर उचलून त्याच्या खालची जागाही घासा, तिथेच सर्वांत जास्त मळ असतो. भरपूर पाण्याने धुवा. पुन्हा एकदा तेच करा. मग सिरका आणि पाणी निम्मे-निम्मे करून पुसा आणि जुन्या वर्तमानपत्राने कोरडे करा. पुन्हा तांब्याभर पाण्याची परीक्षा घ्या. चादर आली की झाले. लोखंडी किंवा हिरवी घासणी, राख, रांगोळी यातले काहीही काचेला लावू नका. तेल जाईल आणि ओरखडे राहतील, आणि ओरखड्यांना साबण नाही.

काच आतूनही पुसायची असते, हे निम्म्या लोकांच्या डोक्यात येत नाही. डॅशबोर्डचे प्लॅस्टिक तापले की त्याचा तेलकट अंश काचेला आतून चिकटतो. कोणी गाडीत सिगरेट ओढत असेल, किंवा गाडीत बखूर फिरवायची आवड असेल, तर त्याचा थर वेगळा. आणि पावसात काच आतून धुरकटते तो तिसराच प्रकार. ओल्या छत्र्या, ओले बुरखे, शाळेतून भिजून आलेली तीन मुले यांची वाफ थंड काचेवर बसते, आणि चालवणारा बिचारा बाहेरच्या वायपरचा वेग वाढवत राहतो. बोटाने आतून रेघ ओढा. रेघ उमटली तर दोष आतला. एसी चालत असेल तर वारा काचेवर वळवा आणि बाहेरची हवा आत घेणारी खटकी चालू ठेवा. एसी बंद पडलेला असेल, जो जुन्या गाडीत असतोच, तर पंखा काचेवर आणि दोन खिडक्या बोटभर खाली. खांदा थोडा भिजेल, भिजू द्या.

आता दुकानदाराची बाजू. काच बदलावी लागते का? लागते, कधी कधी. वायपरचे रबर फाटून आतली पत्र्याची पट्टी उघडी पडली आणि तसाच वायपर चालवला, तर काचेवर कमानीसारखे चर पडतात. धुळीने भरलेल्या कोरड्या काचेवर वायपर फिरवायची सवय असेल तरीही पडतात. मुंबई-गोवा रस्त्याच्या चौपदरीकरणाची लाल धूळ आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षे खाल्ली आहे. तीच धूळ रबराखाली आली की ती पॉलिशपेपर होते. कोरड्या काचेवर स्वच्छ नख फिरवा. नख चरात अडकत असेल आणि तो चर चालवणाऱ्याच्या नजरेसमोर असेल, तर दुकानदार खरे बोलतो आहे. नख न अडखळता सरकले, तर आधी साबण.

बदलण्याची वेळ आलीच, तर दुकानात जाण्यापूर्वी मापपट्टी घ्या. ब्लेडची लांबी इंचात मोजतात, टोकापासून टोकापर्यंत. बहुतेक गाड्यांत उजवे आणि डावे वेगवेगळ्या लांबीचे असते, म्हणून दोन्ही मोजा आणि कागदावर "चालवणारा" आणि "शेजारचा" असे लिहून न्या. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे, पण परदेशी कंपनीच्या खोक्यावर चित्र डाव्या चालवणाऱ्याचे असू शकते, तिथे फसू नका. सर्वांत चांगले म्हणजे जुने ब्लेडच काढून बरोबर न्यायचे. "चालेल हो, एक इंच मोठे आहे, जास्त पुसेल" असे कोणी म्हणाला तर नम्रपणे परत द्या. मोठे ब्लेड शेजारच्या ब्लेडला आपटते किंवा काचेच्या कडेच्या रबरावर चढते. मला एकाने असेच दिले होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही वायपर एकमेकांत अडकून बसले, जसे ईदच्या गर्दीत दोन सायकलींची हँडले.

जुन्या गाड्यांच्या दांड्याला बहुतेक करून टोकाला छत्रीच्या मुठीसारखा आकडा असतो. दांडा काचेपासून वर उचला. तो स्वतःच्या जोरावर उभा राहतो. आणि इथे पहिली गोष्ट करा: काचेवर घडी घातलेला जाड टॉवेल टाका. ब्लेड काढल्यावर दांडा नुसते लोखंड असतो, तो निसटून स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटला तर काच तडकते. माझ्या समोर तडकलेली आहे. मग ब्लेड दांड्याला आडवे फिरवा. मध्यभागी प्लॅस्टिकची छोटी कळ दिसेल, ती दाबून ब्लेड दांड्याच्या बुडाच्या दिशेने सरकवा. ते आकड्यातून सुटते. नवे बसवताना उलटे: आकडा ब्लेडच्या खिडकीतून आत घाला आणि ब्लेड टोकाच्या दिशेने ओढा, "टक" असा आवाज येईपर्यंत. तो आवाज आला नाही तर बसले नाही असे समजा. धावत्या गाडीवरून ब्लेड उडून जाते ते याचमुळे. नव्या रबरावर प्लॅस्टिकची पन्हळीसारखी टोपी असते, ती काढायची. हसू नका. टोपीसकट वायपर चालवून "नवीन माल खराब" म्हणून भांडायला आलेले गिऱ्हाईक मी पाहिले आहे, आणि ते गिऱ्हाईक मास्तर होते.

सांगाडा धड असेल, सांधे मोकळे असतील, तर पूर्ण ब्लेड घेण्याची गरजच नाही. नुसते रबर मिळते, स्पेअर पार्टच्या जुन्या दुकानांत मागितले तर देतात, आणि किंमत ब्लेडच्या मानाने किरकोळ असते. इसराफ फक्त ताटातल्या अन्नाचा होत नाही. मात्र रबर बदलायला थोडी चिकाटी लागते. काढण्याआधी मोबाइलवर जवळून फोटो काढा, रबराचे कोणते टोक कुठे आहे ते दिसेल असा. एका टोकाला रबराला खाच असते आणि त्या खाचेत सांगाड्याच्या शेवटच्या नख्या अडकतात. ते टोक जोर लावून सोडवले की रबर लांब ओढून बाहेर येते. त्याच्या दोन्ही कुशीत पत्र्याच्या दोन पातळ पट्ट्या असतात, त्या फेकू नका. पुसून नव्या रबरात जशाच्या तशा, त्याच बाजूला वाक ठेवून घाला. मग रबर प्रत्येक नखीतून सरकवत न्या आणि शेवटी खाच अडकवा. एकही नखी सुटता कामा नये. रबर लांब असेल तर उरलेले धारदार कात्रीने कापा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, पुढच्या वर्षी दहा मिनिटे.

आता बाजारात सांगाडा नसलेले, सपाट, एकसंध ब्लेडही मिळते. दिसायला छान, आणि नव्या गाड्यांना तेच येते. जुन्या गाडीच्या काचेचा बाक जास्त असेल तर त्याची टोके कधी कधी काचेला टेकत नाहीत. बसवून पाहा, पाणी टाकून पाहा, आणि टेकत नसेल तर त्याच दुकानात उभ्या उभ्या परत द्या. माझ्या गाडीला मी लोखंडी सांगाडाच ठेवला आहे.

ब्लेड नवे, काच स्वच्छ, तरी दुखणे असेल तर ते खाली, यंत्रात आहे. मोटर चालल्याचा आवाज येतो पण दांडा हलत नाही किंवा अर्ध्यात थांबतो, असे झाले तर दांड्याच्या बुडाची काळी टोपी काढून आतला नट पाहा. बरेचदा तो फक्त सैल झालेला असतो. दांडा काढायचा असेल तर आधी तो काचेवर जिथे विसावतो तिथे चिकटपट्टीची खूण करा, नाहीतर परत बसवल्यावर वायपर भलत्याच जागी थांबेल. काहीच आवाज नाही, तर प्रथम फ्यूज. वायपर हळू फिरतो, म्हाताऱ्यासारखा कण्हत, तर खालचे सांधे कोरडे पडले आहेत. ते काम मेकॅनिकचे. दांड्याच्या सांध्यात तुम्ही यंत्राच्या तेलाचा एक थेंब टाकू शकता, पण रबराला तेल लागू देऊ नका. रबर चमकावे म्हणून खोबरेल लावणारे लोक आहेत, पेट्रोलने पुसणारेही आहेत. दोन्हींनी रबर फुगते आणि त्याची धार जाते. रबराला ओले फडके आणि साबणाचा एक थेंब, बस. चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा, काळे येणे कमी होईपर्यंत. महिन्यातून एकदा, म्हणा जुम्याला गाडी धुताना.

फवाऱ्याच्या बाटलीत बोअरचे जड पाणी घालू नका, नळीच्या तोंडाशी खडा बसतो. बसलाच तर बारीक सुई. बाटली रिकामी असताना बटण दाबत राहिले तर तिची छोटी मोटर जळते. आणि धूळ असताना आधी फवारा, मग वायपर, हा क्रम मुलांना गाडी शिकवतानाच शिकवा. मागच्या काचेला वायपर असेल तर त्यालाही हेच सगळे लागू. तो तर वर्षभर कोणाला आठवत नाही.

उन्हाळ्यात वायपर उभे करून ठेवावेत का, असे पुष्कळ जण विचारतात. रबर तापत नाही हे खरे, पण स्प्रिंग ताणलेली राहते आणि गल्लीतली मुले ते वाकवतात. शक्यतो गाडीचे तोंड सावलीकडे करून लावा, नाहीतर काचेवर एखादे जुने कापड टाका. त्याने डॅशबोर्डही वाचतो.

कायद्याचे एक वाक्य. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे समोर काच असलेल्या गाडीला यंत्रावर चालणारा, नीट काम करणारा वायपर असणे बंधनकारक आहे. ज्यांच्या गाडीला 15 वर्षे झाली त्यांना नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि तिथून पुढे दर 5 वर्षांनी. त्या तपासणीच्या आदल्या रात्री लोक धावत ब्लेड आणायला येत, ते मला आठवते. साहेबासाठी बदलायचे ते घरच्यांसाठी बदलले तर काय बिघडते, असे मी तेव्हा त्यांना ऐकवायचो. मला हे ऐकवायला त्या घाटात कोणी नव्हते. उंट आधी बांधण्याची हदीस आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सफरची दुआ आम्ही त्या संध्याकाळीही वाचली होती. उंट मात्र सुटा होता.

तर त्या टपरीपाशी आम्ही काय केले ते सांगायचे राहिले. टपरीवाल्याकडून साबणाचे पाणी आणि वर्तमानपत्र घेतले, काच आतून-बाहेरून पुसली. उजव्या ब्लेडची मधली कमान गंजून अडकलेली होती. डावे ब्लेड त्यापेक्षा आखूड, पण धड. ते काढून उजव्या दांड्याला लावले. दोन्हींचा आकडा सारखाच असतो. डावा दांडा उघडा राहिला, त्याला अम्मीच्या पिशवीतला रुमाल गुंडाळून सुतळीने घट्ट बांधला, म्हणजे लोखंड काचेवर घासणार नाही. शेजारच्या माणसाला काही दिसले नाही तरी चालते, तो फक्त सल्ले देतो. आखूड ब्लेडने पुसलेला भाग लहान होता, पण स्वच्छ होता. ताशी तीसच्या वेगाने, भोस्ते घाट उतरून, इशाला घरी पोहोचलो.

आमच्या तरुणपणी ट्रकवाले वायपर बंद पडला तर काचेवर कापलेला बटाटा नाहीतर भिजवलेली तंबाखू चोळत. पाण्याचे थेंब न होता ते पसरून खाली वाहते आणि थोडा वेळ पुढचे दिसते. अडल्या वेळी बटाटा चालेल. तंबाखू तुमच्या घरात नसेल अशी आशा आहे.

महाडच्या भगिनींनी या रविवारी आधी तांब्याभर पाण्याची परीक्षा करावी, मग साबण, मग नख, आणि काय दिसले ते दोन ओळींत कळवावे. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनच्या सुमारास येतो, आपल्याकडे कोकणात त्याच्या आधी. दिवस थोडे आहेत. इकडे जुलैत मुलांच्या अम्मीच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले आहे, पुन्हा चिपळूणलाच. रबर मी परवा बदलले. सुनेने स्वतः पाणी टाकून पाहिले, मग हो म्हणाली. फवाऱ्याची बाटली भरायची तेवढी राहिली आहे.